तुझ्या मानेचं बिघडलेलं चित्र

आत्या, काल तुझं बारावं झालं. माणसं आली, जेवली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली आणि गेली. बाबांनी मलाही सांगितलं होतं, तू शिकलेली आहेस, दोन शब्द बोल. मी उठले, "आमची आत्या" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं पोरीला रडू आवरलं नाही. रडू आलं होतं हे खरं, पण बसले ते त्यामुळे नाही. जे बोलायचं होतं ते आधी तुला सांगायला हवं होतं, आणि तुला न सांगता ते चारचौघांत कसं सांगू, ते कळेना.

म्हणून आता लिहिते आहे. मशीनने काढलेलं तुझ्या मानेचं चित्र छान आलं, असं मी तुला सांगितलं होतं. ते छान आलं नव्हतं. ते बिघडलं होतं, इतकं की आम्ही ते कामातून बाजूला काढलं. आणि मी तुला एकदा नाही, दोनदा खोटं सांगितलं.

काल सगळे म्हणत होते, चांदीपला दिली होती, नवरा लवकर गेला, परत उमेळ्याला आली आणि भावाची वाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. सगळं खरं आहे. पण ते सांगायला पुष्कळ लोक आहेत. निळीचा तो पहिला थेंब मात्र तुझ्या-माझ्याशिवाय कुणी पाहिला नव्हता. मी तिथूनच सुरुवात करते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळालं तेव्हा ते मला स्वतःलाच समजलं नव्हतं. सर बोलत होते आणि मी मान डोलावत होते. आपल्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची मला भीती वाटायची. म्हटलं तर कुणीतरी म्हणेल, मग आलीस कशाला. घरी आले तर तू पडवीत बसून केळीच्या खोडाच्या सोपटाचे पट्टे सोलत होतीस, शेजारच्या हिराकाकूच्या गजऱ्यांच्या पुड्या बांधायला. तू विचारलंस, काय काम दिलं?

"मानेतल्या शिरेची भिंत बघायची," मी म्हणाले.

"शिरेला भिंत असते?"

"पाइपला असते ना, तशी."

"मंग पाइप बघा की. मानसाला कशाला धरता?"

मी तुझं बोट धरून तुझ्याच मानेवर ठेवलं होतं, जबड्याच्या खाली, जिथे ठोका लागतो. ही हृदयाकडून डोक्याकडे जाणारी रक्तवाहिनी. तिची भिंत जेमतेम नखाएवढी जाड. त्या भिंतीत पाणी असतं, आणि त्या पाण्याचे कण एका जागी बसत नाहीत, सारखे सरकत असतात. भिंतीत धागे असतात. धाग्याच्या बाजूने पाणी जास्त सरकतं, धागा ओलांडून कमी. हे सरकणं एमआरआयचं मशीन मोजतं, कापल्याशिवाय, टोचल्याशिवाय. त्यावरून धागे कसे बसले आहेत आणि कुठे विस्कटायला लागले आहेत, याचा अंदाज येतो. रक्त अडण्याच्या पुष्कळ आधी भिंत आतून बिघडत असते. ते आधीच दिसलं तर बरं, म्हणून हे काम.

मी हे वहीतून वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. तू उठलीस, मोरीतून कपड्यांना घालायची नीळ आणलीस, वाटीत कालवलीस आणि वाळलेल्या सोपटावर बोटाने एक थेंब टाकलास. थेंब गोल पसरला नाही. लांब झाला, सोपटाच्या धाग्याधाग्याने वर आणि खाली पळाला. आडवा जवळजवळ सरकलाच नाही.

"ह्येच ना?" तू म्हणालीस. "पानी धाग्यानं जातं. ह्ये मोजायला एवढं मोठं मशीन?"

आत्या, सरांचं बोलणं मला त्या थेंबात समजलं. मी तुला ते सांगितलं नाही. उलट म्हणाले, "पानी नाही आत्या, पाणी." कॉलेजात माझ्या बोलण्याला मुली हसल्या होत्या, त्याचा राग मी तुझ्यावर काढायचे. तू नीळ लागलेलं बोट पदराला पुसलंस. "पान्याला कोन काय म्हनतं, त्याचं पान्याला काय नसतं. तहान भागते ना?" हे भांडण आपलं कधी संपलंच नाही. आता मीच कधी कधी पानी म्हणते, आणि मग इकडे तिकडे बघते.

दुसऱ्या दिवशी मी सोपट आणि नीळ घेऊन सरांकडे गेले. सरांनी थेंब पाहिला आणि पुन्हा टाकायला लावला. मग म्हणाले, ओलं खोड मिळेल का? तू कोयत्याने हातभर खोड कापून दिलंस, ओल्या गोणपाटात गुंडाळलंस, आणि म्हणालीस की नीट धर, तान्हं पोर आहे. ते खोड आम्ही एका रविवारी मशीनमध्ये ठेवलं. रविवारी पेशंट कमी, म्हणून आम्हाला मशीन मिळायचं. काय सुंदर चित्र आलं होतं. एकात एक कड्या, आणि प्रत्येक कडीतलं पाणी खोडाच्या लांबीने सरकताना दिसत होतं. सर हसले. म्हणाले, हे सोपं आहे. केळ हलत नाही, श्वास घेत नाही. मेलेल्या माणसाच्या रक्तवाहिनीचा तुकडासुद्धा असाच गप पडून राहतो, त्याची चित्रं जगात चांगली आलेली आहेत. अडचण जिवंत माणसाची आहे. त्याचा ठोका पडतो, तो गिळतो. आपण मोजतो ते सरकणं केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याच्यापुढे एक आवंढा म्हणजे भूकंप.

मी घरी येऊन केळीचं कौतुक सांगितलं आणि तुला वाटलं की मान तुझाच झाला. वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगितलंस की आमच्या वाडीतल्या तळ्याकाठचं, बावखलाकाठचं केळ मुंबईच्या मोठ्या मशीनने बघितलं. हिराकाकू म्हणाली, केळ बघून झालं, आता केळवालीला बघा म्हणावं. ती चेष्टा करत होती. तू मात्र संध्याकाळी मला गंभीरपणे विचारलंस, "माझी मान चालेल का गं?"

मला नाही म्हणता आलं असतं. पण आम्हाला माणसं मिळत नव्हती. वर्गातली मुलं आळीपाळीने झोपून झाली होती. सरांना साठीकडे झुकलेलं कुणीतरी हवं होतं, रक्तदाबाची गोळी चालू असली तरी चालेल म्हणाले होते. आणि खरं सांगायचं तर, माझ्या घरातलं कुणीतरी माझ्या कामात असावं असं मला वाटत होतं. बाकीच्या मुलींचे वडील इंजिनिअर, आई शिक्षिका. माझ्याकडून निदान तू.

तो फॉर्म आठवतो ना तुला? मीच त्याचं मराठी केलं होतं. चुलीपाशी बसून तुला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, ही आजाराची तपासणी नाही, यावरून तुमच्या तब्येतीबद्दल काही सांगता येणार नाही. मी ते वाचलं. तू भाकरी उलटत होतीस. मी विचारलं, कळलं का? तू म्हणालीस, कळलं, सही कुठं करू. मी पुन्हा विचारलं नाही. सहीची जागा दाखवली.

त्या रविवारी तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होतीस, आणि तिथे गेल्यावर तुला दवाखान्याचा झगा घालायला लावला तर नाराज झालीस. मशीनवर परेरा अंकल होते. ते आपल्या वसईचेच निघाले आणि तुमचं जमलं. अंगठी काढा, चमकी काढा, असं ते सांगत होते. नाकातली चमकी वर्षानुवर्षं निघाली नव्हती, साबण लावून काढावी लागली. अंकल म्हणाले, मावशी, कवळी आहे का? तू म्हणालीस, दात माझे हायत, तुमचे बघा. सगळे हसले. मीही हसले. मला त्या दिवशी तुझी लाज वाटली नाही, हे तुला सांगायचं राहिलं.

तुझ्या मानेभोवती मशीनची पट्टी बांधली, बोटाला ठोका मोजायची चिमटी लावली आणि तुला आत सरकवलं. काचेपलीकडून मला फक्त तुझे पाय दिसत होते. टाचा भेगाळलेल्या, अंगठे जुळवून ठेवलेले, देवापुढे बसल्यासारखे. अंकल माइकवरून सांगत होते, मावशी, टकटक चालू असताना गिळायचं नाही, थांबली की गिळा.

पहिलं साधं चित्र स्वच्छ आलं. मानेच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या कड्या. मी मनात म्हणाले, अगदी केळीसारख्या. मग मुख्य मोजणी सुरू झाली आणि सगळं विस्कटलं. कडी एकाच्या दोन, दोनाच्या चार दिसायला लागली, पुसट, पाण्यात हललेल्या सावलीसारखी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. अंकलनी विचारलं, "मावशी, गिळताय का?"

"नाय हो. गप पडलेय मी," आतून तुझा आवाज आला.

तिसऱ्यांदा केलं. मग सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पुढच्या माणसाची वेळ झाली होती.

तू बाहेर आलीस तेव्हा केस विस्कटलेले, कानातला कापूस तसाच, आणि चेहरा मी दहावीचा निकाल घेऊन आले होते त्या दिवशीसारखा फुललेला. तिथे तू काही विचारलं नाहीस. वसई रोडला उतरून रिक्षात बसलो तेव्हा विचारलंस, "कसं आलं?"

मी म्हणाले, "छान आलं, आत्या."

तुझा एक दिवस मोडला होता, चमकी साबणाने ओढून काढली होती, त्या आवाजात तू एवढा वेळ पडून राहिलीस. बिघडलं म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्याकडूनच माझं काम बिघडलं. म्हणून मी खोटं बोलले. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. माझं काम बिघडू शकतं हे मला तुला दाखवायचं नव्हतं. तुझ्या नजरेत मी कधी नापास झाले नव्हते.

हे पहिलं खोटं लहान होतं. दुसरं लहान नव्हतं. आठवड्याभराने तू बाहेर ओट्यावर हिराकाकूला सांगत होतीस की मशीनने माझ्या मानेतल्या शिरा आतून बघितल्या, सगळ्या नव्यासारख्या हायत. मी पाणी भरत होते. तू हाक मारून विचारलंस, "काय गं, नीट हायत ना?" आता हे चित्राबद्दल नव्हतं, तब्येतीबद्दल होतं, हे मला स्पष्ट कळत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की आत्या, आम्ही तसं काही बघितलंच नाही. हिराकाकू माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "हो, सगळं नीट आहे," आणि घागर उचलून आत गेले.

त्यानंतर कधीतरी तू रक्तदाबाची गोळी बंद केलीस. कधी ते मला कळलं नाही. एकदा फडताळात आगपेटी शोधताना पाकीट सापडलं, अर्धं भरलेलं, वरती धूळ. मी विचारलं तर म्हणालीस, त्या गोळीने पाय सुजतात, चप्पल चढत नाही. मी म्हणाले, तरी घ्यायला हवी, डॉक्टरांना सांगून दुसरी घे.

तू हसलीस. "मशीननं बघितलं ना सगळं? तुझ्या मशीनवर तुझाच भरवसा नाय?"

आत्या, तिथे मी सांगायला हवं होतं. फडताळापाशी, त्या क्षणी. वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं तर आधीची दोन्ही खोटी कबूल करावी लागणार होती. मी म्हणाले, बरं, पण घे तू, आणि आगपेटी घेऊन आत गेले. महिना-दीड महिन्याने सकाळी बाबा बावखलावर पंप लावायला गेले तर तू केळीच्या सरीत आडवी पडली होतीस, हातात सोपट.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढून डोक्यात रक्तस्राव झाला. मी त्यांना गाठून विचारलं, मानेतल्या रक्तवाहिनीचं काही होतं का? ते म्हणाले, तसं वाटत नाही. मग विचारलं, गोळी चालू असती तर? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही. असं कुणालाच सांगता येत नाही, बाळ." त्यांना वाटलं ते मला धीर देत आहेत. मला मात्र कुणीतरी हो किंवा नाही म्हणायला हवं होतं.

आणखी एक आहे, जे सांगायला सगळ्यात अवघड जातंय. तुला घरी आणून ओटीवर ठेवलं. बायका रडत होत्या. मी तुझ्या पायांशी बसले होते, त्याच टाचा, तेच जुळवलेले अंगठे. आणि माझ्या मनात आलं, आता किती स्थिर आहेस. आत्ता मशीनमध्ये ठेवलं तर चित्र स्वच्छ येईल. असं कुणाच्या मनात येतं का? मी घाबरून उठले आणि मागच्या दारी जाऊन उलटी केली. आई म्हणाली, उपाशी आहे पोर. मी तुला हे सांगते कारण तू मला अशा गोष्टींवर कधी रागावली नाहीस. लहानपणी आजोबा गेले तेव्हा मला हसू फुटलं होतं, तेव्हाही तूच मला पदराआड घेतलं होतंस.

काल जेवणं झाल्यावर हिराकाकू मागे राहिली. आम्ही दोघी भांडी पुसत होतो. ती म्हणाली, तुझ्यासाठी काय काय केलं गं तिनं. शेवटी मशीनमध्ये जातानासुद्धा खडीसाखर तोंडात ठेवून गेली.

मला आधी समजलं नाही. मी विचारलं, कसली खडीसाखर?

"गावदेवीची. माझ्याकडचा मोठा खडा मागून नेला. म्हनाली, मशीन बराच वेळ चालतं, लहान खडा पुरायचा नाय. पोरीला सांगू नको म्हनाली. शिकलीय ती, ओरडेल."

आत्या, मी पुसायला घेतलेला पेला हातातच धरून बसले.

मी शाळेत असल्यापासून तू प्रत्येक परीक्षेला हे करायचीस. नवरात्रातली देवीची खडीसाखर काचेच्या बरणीत जपलेली. दारात थांबवून एक खडा माझ्या तोंडात ठेवायचीस आणि म्हणायचीस, चावू नको, विरघळू दे, विरघळेपर्यंत देवी बरोबर असते. मी एस.टी.त बसेपर्यंत तो गालात धरून ठेवायचे. दहावी, बारावी, बी.एस्सी.ची दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी मैत्रीण घ्यायला दारात आली होती, तिच्यासमोर तू खडा पुढे केलास. मी तोंड फिरवलं. म्हणाले, आत्या, पुरे आता, अभ्यास केलाय मी, साखरेने मार्क मिळत नाहीत. तू खडा परत बरणीत टाकलास. बरणीचं झाकण लावताना तुझा हात जरा थांबला, एवढं मला दिसलं होतं. त्यानंतर तू मला कधी दिला नाहीस. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. माझ्या तोंडात ठेवता येईना म्हणून तू स्वतःच्या तोंडात ठेवलास. माझं काम नीट व्हावं म्हणून. अंकलनी अंगठी विचारली, चमकी विचारली, कवळी विचारली. देवीची खडीसाखर कुणी विचारणार? तू पडून राहिलीस, एक बोट हललं नाही तुझं, आणि साखर विरघळत राहिली, तोंडाला पाणी सुटत राहिलं. ते पाणी कुठे जाणार? तू जपून गिळत असशील, अगदी हळू, कुणाला कळू नये असं. मशीनला प्रत्येक वेळी कळलं.

आज सकाळी मी लॅबमध्ये गेले, सुटी होती तरी. अंकल होते. मी त्यांना खडीसाखरेचं सांगितलं. ते स्टुलावर बसले. म्हणाले, माझी आई ऑपरेशनला गेली तेव्हा रोझरी मुठीत लपवून गेली होती, मला माहीत असायला पाहिजे होतं. मग त्यांनी तुझी फाइल उघडून दिली आणि चहा आणायला बाहेर गेले.

मी ते बिघडलेलं चित्र पुन्हा पाहिलं. आधी पाहिलं होतं तेव्हा मला त्यात फक्त वाया गेलेला रविवार दिसला होता. आज त्या एकावर एक सरकलेल्या कड्या बघताना मला कळत होतं की ही प्रत्येक पुसट कडी म्हणजे तू गिळलेला एक घोट आहे. साखरेच्या पाण्याचा. मी हात लावला पडद्याच्या काचेला. मोजायला यातून काहीच मिळत नाही, आत्या, मी आता तुझ्याशी खोटं बोलणार नाही. भिंत नीट होती की नव्हती हे या चित्रातून आजही सांगता येत नाही. पण केळीचं खोड असं चित्र देत नाही. मेलेला तुकडाही देत नाही.

सर आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. रिक्षातलं, ओट्यावरचं, फडताळापाशीचं. मला वाटलं, रागावतील, प्रोजेक्ट काढून घेतील. ते म्हणाले, घरच्या माणसाला आणू दिलं मी तुला, आणि तिला तू काय सांगणार याचा विचार केला नाही, तेवढा वाटा माझा. बाकी तुझा तुला उचलावा लागेल. पण एकटीने उचलू नकोस. मग आम्ही दोघांनी बसून फॉर्म पुन्हा लिहिला. तोंडात काही ठेवू नये, औषध, सुपारी, प्रसादसुद्धा. चित्र बिघडलं तर तसं त्याच दिवशी सांगितलं जाईल. चालू असलेली कुठलीही गोळी यामुळे बंद करू नये. हे शेवटचं वाक्य मी आपल्या घरात बोलतो तसं लिहिलं, आणि त्याखाली जागा ठेवली, की समोरच्या माणसाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, मगच सही.

सोमवारी माझा सेमिनार आहे. केळीच्या खोडाचं चित्र पहिलं दाखवणार, वर्गातल्या मुलाचं चांगलं आलेलं दुसरं, आणि तिसरं तुझं. सर म्हणाले, बिघडलेलं कशाला, कुणी विचारणार नाही. मी म्हणाले, मला सांगायचंय. हे कसं बिघडलं, आम्ही काय विचारायला विसरलो, आणि त्यानंतर मी तिला काय सांगितलं. आवाज फुटेल की नाही माहीत नाही. बरणीत एक खडा उरलाय. तो मी दारातून निघताना तोंडात ठेवणार आहे, आई हसली तरी. चावणार नाही.

पण त्याच्या आधी, तू रिक्षात विचारलं होतंस त्याचं उत्तर. मांडीवर पिशवी, नाकात चमकी परत घातलेली, नाक लाल झालेलं. कसं आलं, म्हणालीस.

बिघडलं, आत्या. आपण पुन्हा जाऊ, तू बरोबर असलीस तर मला भीती वाटत नाही. आणि चित्राचं राहू दे. तुझी गोळी घेत जा.